जर्मनीत नव्याने राहायला आलेल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सप्टेंबर उजाडला की माझ्या फोनवर अनोळखी नंबरांवरून मेसेज सुरू होतात. ‘ताई, तुमचा नंबर अमक्याकडून मिळाला, पाच मिनिटं बोलू का?’ पाच मिनिटांचा तास होतो आणि दुसऱ्या दिवशी दुसरं कुणी तेच विचारतं. म्हणून एकदाच सगळं लिहून काढलं. मी २०१८ साली, पंचविशीत, नोकरीसाठी इथे आले. आधी स्टुटगार्ट, मग बर्लिन. मी वकील नाही, कर सल्लागारही नाही. रकमा बहुधा जानेवारीत बदलतात, तेव्हा पैसे भरण्याआधी सरकारी संकेतस्थळ एकदा बघाच.

१. उतरल्यावर सगळ्यात पहिलं काम कोणतं? सिम, बँक की ऑफिस?

पोस्टाच्या पेटीवर आडनाव चिकटवा. हसू नका. जर्मन पत्त्यात रस्ता, घरक्रमांक, पिनकोड आणि शहर एवढंच असतं. ‘बी विंग, तिसरा मजला, फ्लॅट १२’ हा प्रकार बहुतेक ठिकाणी नाहीच. इमारतीत चाळीस बिऱ्हाडं असली तरी पोस्टमन पेट्यांवरची आडनावं वाचत जातो आणि तुमचं सापडलं नाही की पत्र आल्या पावली परत. आणि इथे सगळं पोस्टानेच येतं. करक्रमांक, विम्याचं कार्ड, बँकेचा पिन, रेसिडेन्स कार्डाचा पिन, सगळं.

पहिल्या खोलीत मी पोटभाडेकरू होते. पेटीवर मूळ भाडेकरूचं नाव. माझं करक्रमांकाचं पत्र परत गेलं आणि मला त्याचा पत्ताच नाही. कंपनीने काही काळ वाट पाहिली, मग दोन पगार सहाव्या करवर्गाने कापले. हा वर्ग सगळ्यात जड. पैसे पुढे परत मिळाले, पण ते दोन महिने कसे काढले ते मला विचारू नका. शेवटी वहीचं पान फाडलं, त्यावर पेनाने आडनाव लिहिलं आणि चिकटपट्टीने पेटीवर लावलं. पेट्या दाराबाहेर होत्या. पहिल्याच पावसात शाई पसरली. दोन दिवसांनी बघते तर तळमजल्यावरच्या आजींनी न विचारता माझ्या आडनावाची छापील पट्टी तिथे लावलेली. एक अक्षर चुकलेलं होतं, पण पत्रं यायला लागली.

२. आनमेल्डुंग म्हणजे नेमकं काय? १४ दिवसांत झालं नाही तर दंड होतो का?

आनमेल्डुंग म्हणजे राहत्या पत्त्याची सरकारदरबारी नोंद. घरात शिरल्यापासून दोन आठवड्यांच्या आत ती नागरी कार्यालयात, म्हणजे ब्युर्गरआम्टमध्ये, करायची असते. पासपोर्ट, भरलेला फॉर्म आणि ‘ही व्यक्ती माझ्या घरात राहायला आली’ असं घरमालकाचं सहीचं पत्र लागतं. भाडेकरार दाखवून हे पत्र टळत नाही. नोव्हेंबर २०१५ पासून ते सक्तीचं आहे. घर ठरवतानाच ‘आनमेल्डुंगसाठी पत्र देणार ना?’ असं विचारून घ्या. जो ‘बघू नंतर’ म्हणतो, त्याची खोली घेऊ नका, कितीही स्वस्त असली तरी.

बर्लिनसारख्या शहरात दोन आठवड्यांत वेळच मिळत नाही. मिळेल ती तारीख घ्या आणि तिचा पुरावा जपून ठेवा. तेवढ्यावर कुणी दंड लावल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. सकाळी कार्यालय उघडायच्या सुमारास रद्द झालेल्या वेळा संकेतस्थळावर सुटतात. चहा पीत पीत पान रिफ्रेश करत बसायचं.

३. त्या फॉर्मवर धर्म विचारतात. हिंदू लिहू का, की काही भानगड होईल?

भानगड नाही. हा रकाना चर्चच्या करासाठी असतो आणि तो कर संबंधित चर्चच्या सभासदांनाच लागतो: प्राप्तिकराच्या ९ टक्के, बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये ८ टक्के. हिंदू, बौद्ध, जैन यांना लागत नाही. तुम्ही कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट असाल तर लिहिण्याआधी या कराची माहिती करून घ्या. नंतर बाहेर पडायचं तर वेगळी प्रक्रिया आहे.

४. माझ्या पासपोर्टवर नाव आणि वडिलांचं नाव एकत्र आहे. इथे त्याचा काय गोंधळ होतो?

होतो, आणि फक्त आपल्यालाच होतो. आपल्याकडे नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी माळ असते, आणि पासपोर्टवर पहिली दोन ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात येतात. जर्मन लोकांना ती दोन्ही तुमचीच नावं वाटतात. मला तीन वर्षं एका दवाखान्यात वडिलांच्या नावाने हाक मारत होते आणि मी ‘ओ’ देत होते.

उपाय एकच. पासपोर्टवर जसं आहे तसंच, अक्षरासकट, सगळीकडे लिहायचं: करार, बँक, विमा, विमानाचं तिकीट. एका ठिकाणी वडिलांचं नाव गाळलं आणि दुसऱ्या ठिकाणी घातलं की तुम्ही दोन माणसं होता. पोस्टाच्या पेटीवर मात्र आडनाव पुरतं. ज्यांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा आहे, त्यांनी शक्य असल्यास भारतातूनच तो भरून घ्यावा. इथे येऊन दुरुस्ती करणं जास्त कटकटीचं आहे.

५. घर मिळायला पगाराच्या स्लिपा मागतात, आणि मी तर अजून रुजूही झालेलो नाही. मग घर घ्यायचं कसं?

पहिले दोन-तीन महिने कायमचं घर मिळेल ही आशाच सोडा. सामानासकट भाड्याने मिळणारी तात्पुरती खोली घ्या किंवा दोघा-तिघांच्या घरात एक खोली घ्या, पण आनमेल्डुंग होईल अशीच. या काळासाठी वेगळे पैसे बाजूला ठेवून या. तीन स्लिपा हातात आल्या की खरा शोध सुरू होतो. तेव्हा घरमालक शुफाचा कागद मागतात. शुफा म्हणजे तुमच्या उधारी-फेडीची पत सांगणारी संस्था. नवख्या माणसाची तिथे पाटी कोरी असते, आणि कोरी पाटी म्हणजे वाईट पत नव्हे. कंपनीचं नेमणुकीचं पत्र आणि स्वतःची दोन ओळींची ओळख जर्मनमध्ये जोडा. मी पासष्ट अर्ज केले, नऊ घरं बघितली, एक मिळालं. बर्लिनमध्ये याला नशीब म्हणतात.

अनामत रक्कम जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी घेता येते आणि ती तीन हप्त्यांत द्यायचा तुम्हाला कायद्याने हक्क आहे. घरमालक हे आपणहून सांगत नाहीत. किल्ली घेताना भिंतीवरचा प्रत्येक ओरखडा कागदावर नोंदवून, फोटो काढून, दोघांच्या सह्या घ्या.

आणि एक. ‘मी सध्या परदेशात आहे, पैसे पाठवा, किल्ली कुरियरने येईल’ असं म्हणणारा प्रत्येक जण ठग असतो. घर आणि माणूस बघितल्याशिवाय एक युरो द्यायचा नाही. दर वर्षी एक तरी पोरगं यात फसतं, आणि ते चांगलं शिकलेलं असतं.

६. जाहिरातीत भाडं ७०० होतं, आता ९२० म्हणतायत. फसवतायत का?

नाही. ७०० हे ‘काल्ट’, म्हणजे नुसत्या जागेचं भाडं. त्यात पाणी, बहुतेक वेळा हीटिंग, कचरा, जिन्याची साफसफाई वगैरे मिळवलं की ‘वार्म’ होतं. वीज आणि इंटरनेट त्याहून वेगळं. हे खर्च अंदाजाने घेतात आणि वर्षाचा हिशोब नंतर पाठवतात. हिवाळाभर हीटर पाचवर ठेवून खिडकी उघडी टाकली असेल तर त्या पत्राने घाम फुटतो. ‘दोन खोल्या’ म्हणजे बैठकीची एक आणि झोपायची एक. स्वयंपाकघर त्यात धरत नाहीत.

७. घरात स्वयंपाकघरच नसतं, हे खरं आहे?

खरं आहे. खोली असते, भिंतीतून दोन नळ्या आणि स्टोव्हसाठी जोडणीचा डबा बाहेर आलेला असतो, बस. ओटा, सिंक, कपाटं, शेगडी मागच्या भाडेकरूने उचलून नेलेली असतात. छताला दिवे नसतात, वायरी लोंबत असतात. जाहिरातीत ‘आइनबाउक्युशे’ हा शब्द असेल तर स्वयंपाकघर आहे असं समजा. मागचा भाडेकरू त्याचं सामान विकत असेल तर भाव करून घ्या, ते सगळ्यात सोपं. मी सात आठवडे सुटकेसवर इंडक्शन ठेवून भात केला आणि भांडी बाथरूमच्या बेसिनमध्ये घासली.

८. फोडणी दिली की स्मोक अलार्म वाजतो आणि शेजारी तक्रार करतात. काय करू?

हा प्रश्न विचारताना सगळे जण आवाज हळू करतात, जणू गुन्हा केलाय. गुन्हा नाही. घरात स्वयंपाक करणं हा साधा वापर आहे, आणि नुसता वास येतो म्हणून कुणी तुम्हाला घराबाहेर काढू शकत नाही. पण काही गोष्टी शिकून घ्याव्या लागतात.

इथली घरं हवाबंद असतात. आपल्याकडे खिडकी-दरवाज्यांच्या फटींतून वाफ आपोआप जाते, इथे ती भिंतीला चिकटते आणि जानेवारीत कोपऱ्यात काळी बुरशी धरते. ती तुमच्यामुळे आली असं ठरलं तर अनामतीतून पैसे जातात. म्हणून दिवसातून दोन-तीनदा हीटर बंद करून सगळ्या खिडक्या सताड उघडायच्या, पाच-दहा मिनिटं, आणि परत लावून घ्यायच्या. याला श्टोसल्युफ्टन असं भारदस्त नाव आहे आणि काही भाडेकरारांत ते चक्क लिहिलेलं असतं. फोडणी देताना तेल धुरावू द्यायचं नाही. मोहरी तडतडायला धूर लागत नाही, हे मला इथे येऊन कळलं. स्वयंपाकघराचं दार लावायचं आणि खिडकी उघडायची ती बाहेरची. मी एकदा जिन्याकडचं दार उघडलं आणि ठसका चौथ्या मजल्यापर्यंत गेला. अलार्म काढून ठेवू नका, पिशवीही बांधू नका. तो कायद्याने बसवलेला असतो.

दिवाळीत चकल्या तळल्या तेव्हा आधीच्या दिवशी जिन्यात चिठ्ठी लावली आणि नंतर सगळ्यांकडे एकेक वाटी नेऊन दिली. तक्रार करणाऱ्या काकांनी पुढच्या वर्षी चिठ्ठी लागायच्या आधीच विचारलं, ‘यंदा कधी?’

९. रविवारी व्हॅक्यूम लावला म्हणून खालून काठी ठोकली. इतकं कडक असतं का?

असतं. रात्री १० ते सकाळी ६ आणि रविवारी पूर्ण दिवस शांतता. ड्रिल, हातोडा, व्हॅक्यूम नाही. काचेच्या बाटल्या रस्त्यावरच्या मोठ्या डब्यात टाकायच्या असतात, पांढऱ्या, हिरव्या, तपकिरी वेगळ्या, पण रविवारी त्याही नाहीत, कारण खळखळाट होतो. दुकानं रविवारी बंद. शनिवारी रात्री दूध आणलं नाही तर मोठ्या स्टेशनवरचं एखादं दुकान किंवा पेट्रोल पंप गाठायचा. प्लास्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते, ती दुकानातल्या मशिनमध्ये परत मिळते.

स्टुटगार्टकडे जाणाऱ्यांसाठी खास: तिथे ‘केअरवोखे’ असतो. आठवड्याच्या पाळीने प्रत्येक बिऱ्हाडाने जिना आणि फूटपाथ झाडायचा. दारावर पाटी लटकली की पाळी तुमची. स्टुटगार्ट १९६८ पासून मुंबईचं जुळं शहर आहे, आणि दोन्हीकडचे जिने पाहिलेल्या माणसाला यावर काय बोलावं ते सुचत नाही.

१०. माझ्याकडे टीव्ही नाही, तरी १८.३६ युरोंचं पत्र का आलं?

तो सार्वजनिक प्रसारणाचा शुल्क आहे, महिन्याला, प्रत्येक घरामागे. टीव्ही असो वा नसो. आनमेल्डुंग झाली की तुमची माहिती तिकडे जातेच, त्यामुळे पत्र कचऱ्यात टाकून फायदा नाही. एका घरात चौघं राहत असाल तर एकानेच भरायचा. बाकीच्यांनी त्याचा क्रमांक कळवायचा.

११. ५२,००० चं पॅकेज सांगितलं होतं, हातात एवढंसंच कसं येतं?

एकट्या माणसाच्या हातात शंभरातले साधारण साठ-पासष्ट पडतात. कर आहेच, शिवाय पेन्शन, आरोग्य, बेरोजगारी आणि शुश्रूषा विमा. तेवढाच जवळजवळ कंपनीही भरते. येण्याआधी नेटवरच्या पगार-कॅल्क्युलेटरमध्ये आकडा घाला आणि घरी फोन करून रुपयांत गुणाकार सांगू नका, गैरसमज होतात. पहिल्या वर्षी विवरणपत्र जरूर भरा. तुम्ही वर्षाच्या मध्ये आलेले असता आणि कर पूर्ण वर्षाच्या हिशोबाने कापलेला असतो, त्यामुळे बरेच पैसे परत येतात. विमानाचं तिकीट आणि सामान हलवण्याचा खर्चही दाखवता येतो. भरणं सक्तीचं नसेल तर चार वर्षांपर्यंत मुदत असते.

१२. माझं लग्न झालंय. मग मला कमी कराचा तिसरा करवर्ग का देत नाहीत?

कारण जोडीदार भारतात आहे. तिसरा वर्ग मिळायला दोघंही इथे राहत असावे लागतात. तोपर्यंत तुम्ही कराच्या दृष्टीने एकटे, पहिल्या वर्गात. जोडीदाराची आनमेल्डुंग झाली की दोघांना चौथा वर्ग लागतो आणि अर्ज करून तीन-पाच अशी जोडी घेता येते. गंमत अशी की जोडीदार नोव्हेंबरात आला तरी त्या पूर्ण वर्षाचं विवरणपत्र दोघांचं मिळून भरता येतं. फक्त त्याने किंवा तिने आधीचे महिने भारतात कमावलेलं दाखवावं लागतं. त्यावर इथे कर लागत नसला तरी तुमचा दर त्याने वर सरकतो.

१३. आरोग्य विमा सरकारी घेऊ की खासगी? एजंट म्हणतो खासगी स्वस्त पडेल.

तुमच्या वयाला स्वस्त पडेल, एजंट खोटं बोलत नाही. पुढचं तो सांगत नाही. सरकारी विम्यात हप्ता पगाराच्या प्रमाणात (१४.६ टक्के आणि वर संस्थेची थोडी भर, निम्मं कंपनी देते) आणि न कमावणारा जोडीदार व मुलं त्यातच फुकट बसतात. खासगीत प्रत्येकाचा हप्ता वेगळा, वय वाढेल तसा चढत जाणारा, आणि परत सरकारीत यायची वाट अरुंद. पंचावन्नाव्या वर्षानंतर जवळजवळ बंदच. दोन वर्षांत परत जायचं ठरलेलं नसेल तर माझं मत सरकारी. सोबत दायित्व विमा, म्हणजे आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणारा, मात्र घ्या, वर्षाला थोडकेच पैसे लागतात. इमारतीची किल्ली हरवली आणि सगळ्यांची कुलपं बदलायची वेळ आली तर तोच वाचवतो. किल्ली हरवणं पॉलिसीत धरलंय का, ते बघून घ्या.

१४. १०२ ताप होता आणि डॉक्टरांनी चहा प्यायला सांगितला! दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊ का?

दुसराही चहाच सांगेल. व्हायरल तापाला इथे अँटिबायोटिक देत नाहीत आणि ते बरोबरच आहे, पटायला मला तीन हिवाळे लागले. आजारी पडायच्या आधी जवळचा हाउसआर्त्स्ट, म्हणजे नेहमीचा डॉक्टर, शोधून नाव घालून ठेवा. रात्री-अपरात्री दुखलं-खुपलं तर ११६११७, जिवावर बेतलं तर ११२, पोलीस ११०.

सुट्टीचं: पहिल्याच दिवशी, काम सुरू व्हायच्या आधी, कंपनीला कळवायचं. तीन दिवसांहून जास्त पडून राहिलात तर डॉक्टरचा दाखला लागतो. कंपनी आधीही मागू शकते, करार वाचा. आजारपणात सहा आठवडे पूर्ण पगार मिळतो, फक्त नोकरीला चार आठवडे झालेले हवेत. ताप अंगावर काढून ऑफिसला आलात तर कौतुक होत नाही, लोक खुर्ची लांब सरकवतात.

१५. ऑफिसात सगळे इंग्रजी बोलतात. मग जर्मन शिकायलाच हवं का?

ऑफिसपुरतं नको. पण घरमालक, दवाखाना, प्लंबर आणि प्रश्न १ मधल्या आजी इंग्रजी बोलत नाहीत. येण्याआधी ए-१, जमलं तर ए-२, म्हणजे भाषेच्या पहिल्या दोन पातळ्या, करून या.

मराठी माणसाला इथे एक फायदा आहे, तो कुणी सांगत नाही. इंग्रजीतून जर्मन शिकणाऱ्याला वस्तूला लिंग असतं हेच पचत नाही. आपल्याकडे तो, ती, ते तिन्ही आहेत. देअर, डी, दास म्हणजे तेच. शब्दांचं लिंग जुळत नाही हे खरं, चंद्र त्यांच्याकडे तो आणि सूर्य मात्र ती. ‘मुलगी’ नपुंसकलिंगी कशी, असं म्हणून वर्गात सगळे हसतात, पण मालवणी माणूस हसत नाही. त्याच्याकडे चेडू नपुंसकच असतं. आणि ‘झी’ आणि ‘डू’ म्हणजे आपलं तुम्ही आणि तू. समोरच्याने तू म्हणायला सांगितल्याशिवाय तुम्हीच म्हणायचं, हे आपल्याला शिकवावं लागत नाही.

१६. सहा महिने झाले, एकही मित्र नाही. माझं काही चुकतंय का?

नाही. हा प्रश्न बहुतेक नोव्हेंबर-डिसेंबरात येतो. तेव्हा बर्लिनला दुपारी चारच्या आत सूर्य मावळतो आणि सकाळी सव्वाआठच्या सुमारास उगवतो; ऑफिसला अंधारात जायचं, अंधारात यायचं. घरी फोन लावावा तर हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक, इथे सहा वाजता आई झोपायच्या तयारीत. पहिल्या हिवाळ्यात मी रविवारी सकाळी उठून अंथरुणातच घरी व्हिडिओ कॉल लावायची आणि फोन तिकडे ओट्यावर टेकवून ठेवायला सांगायची. कुणी बोलत नसायचं. कुकरच्या शिट्ट्या ऐकू यायच्या. तेवढं पुरायचं, आणि मग दुपारी जास्तच रिकामं वाटायचं. दुसऱ्या वर्षी मी तो कॉल संध्याकाळच्या चालण्यावर ढकलला.

इथे ‘सहज डोकावलो’ ही पद्धत नाही. सहकारी दिवसभर हसून बोलतो आणि संध्याकाळी पाचला ‘बाय’ म्हणून जातो, त्यात राग नसतो. ओळखी होतात त्या ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, काहीतरी मिळून करताना: गायन, बॅडमिंटन, डोंगर, आगगाडीची मॉडेलं. प्रत्येक गोष्टीचा फेराइन, म्हणजे क्लब, असतो. एक पकडा आणि तीन महिने न चुकता जा. मला चौदाव्या मंगळवारी कुणीतरी बिअरला येतेस का विचारलं. मी बिअर पीत नाही, तरी गेले.

मोठ्या शहरांत मराठी मंडळं आहेत, गणपती बसतो, कार्यक्रम होतात. जरूर जा. फक्त आठवड्याचे सातही दिवस मराठीतच काढू नका, मग प्रश्न १५ तसाच राहतो. आणि झोप उडाली, जेवण जाईनासं झालं, सकाळी उठवेना असं आठवडे चाललं असेल तर हवेला दोष देत बसू नका. हाउसआर्त्स्टला सांगा. विम्यात उपचार बसतात.

१७. भारतातलं बचत खातं, पीपीएफ तसंच चालू ठेवलं तर चालतं का?

बचत खातं नाही. अनिवासी झालात की ते एनआरओमध्ये, म्हणजे अनिवासींच्या भारतातल्या पैशांसाठीच्या खात्यात, बदलून घ्यायचं, फेमाचा (परकीय चलन कायद्याचा) नियम आहे. पीपीएफ मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येतं, नवं उघडता येत नाही. खरी फसगत एनआरई ठेवींची, म्हणजे परदेशातली कमाई भारतात ठेवायच्या खात्यातल्या ठेवींची. ‘व्याज करमुक्त’ म्हणजे भारतात करमुक्त. जर्मनीत राहणाऱ्याला जगभरातलं उत्पन्न इथे दाखवावं लागतं, आणि त्यात हे व्याजही आलं. वर्षाला १,००० युरोंपर्यंतच्या व्याज-लाभांशावर माफी आहे, त्यापुढे कर.

१८. भारताचं लायसन्स चालतं ना?

आनमेल्डुंगपासून सहा महिने, भाषांतर किंवा आंतरराष्ट्रीय परवाना सोबत हवा. त्यानंतर लेखी आणि गाडी चालवण्याची, दोन्ही परीक्षा पुन्हा. किती तास शिकायचं याची सक्ती नसते, पण वीस वर्षं गाडी चालवलेले लोक इथे नापास झालेले मी पाहिले आहेत, खांद्यावरून मागे वळून न बघितल्यामुळे. मोठ्या शहरात गाडी लागत नाही. डॉइचलांडतिकीट हा महिन्याचा पास मे २०२३ मध्ये ४९ युरोंना सुरू झाला, जानेवारी २०२६ पासून ६३ आहे. देशभरातल्या लोकल, बस, ट्रॅम, मेट्रो त्यात येतात. लांब पल्ल्याची वेगवान आयसीई त्यात येत नाही, आणि टीसी ऐकून घेत नाही.

१९. प्रोबेशनमध्येच नोकरी गेली. लगेच देश सोडावा लागेल का?

लगेच नाही. आधी हे बघा की काढल्याचं पत्र कागदावर, शाईच्या सहीने आलंय का. ईमेल किंवा व्हॉट्सॲपवर काढलेलं कायद्याने ग्राह्य नाही. प्रोबेशन जास्तीत जास्त सहा महिन्यांचं, त्यात नोटीस दोन आठवड्यांची. कळल्यापासून तीन दिवसांत रोजगार कार्यालयात ‘नोकरी शोधतोय’ अशी नोंद करा, दोन आठवड्यांत परदेशी नागरिक कार्यालयाला लेखी कळवा. लपवलंत तर पुढच्या प्रत्येक अर्जात ते निघतं. कळवलंत तर सहसा शोधायला काही महिने मिळतात. बेरोजगारी भत्ता मिळायला गेल्या ३० महिन्यांत १२ महिने विमा भरलेला हवा, तो निव्वळ पगाराच्या ६० टक्के असतो, मूल असेल तर ६७.

ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांच्या निवास परवान्यावर, स्वतःहून नोकरी बदलायची असेल तर पहिल्या १२ महिन्यांत कार्यालयाला कळवावं लागतं, त्यानंतर परवानगीचा प्रश्न येत नाही.

२०. रेसिडेन्स कार्ड पुढच्या महिन्यात संपतंय, अपॉइंटमेंट मिळत नाही, आणि बहिणीचं लग्न आहे. भारतात जाऊन परत येता येईल का?

सगळं एका गोष्टीवर अवलंबून आहे: अर्ज कार्ड संपायच्या आत गेला का. गेला असेल तर जुना हक्क निर्णय होईपर्यंत चालू राहतो आणि तसा कागद मिळतो, फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग. त्यावर निवास कायद्याच्या ८१ व्या कलमातल्या कोणत्या उपकलमापुढे फुली आहे ते नीट बघा. चौथं असेल तर प्रवास करून परत येता येतं; तिसरं असेल तर बाहेर पडलात की परतीचा दरवाजा बंद. भारतातल्या विमानतळावर काउंटरवरच्या माणसाने हा कागद कधी पाहिलेला नसतो, तेव्हा एक तास आधी जा आणि जुनं कार्डही सोबत ठेवा. कार्ड संपून गेल्यावर अर्ज केला असेल तर तिकीट काढण्याआधी वकील गाठा. लग्नाचे फोटो नंतर बघता येतात.

लांब सुट्टी घेणाऱ्यांसाठी: देशाबाहेर सहा महिन्यांहून जास्त राहिलात तर साधा परवाना रद्द होतो. ब्लू कार्डाला ही मुदत १२ महिन्यांची आहे.

२१. आई-बाबांना कायमचं आणता येतं का?

भेटीला, हो: १८० दिवसांत ९० दिवस, किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा घेऊन. कायमचं म्हणाल तर आधी जवळपास अशक्य होतं. आता १ मार्च २०२४ किंवा त्यानंतर पहिला परवाना मिळालेल्या ब्लू कार्डवाल्यांना आणि कुशल कामगारांना तशी तरतूद आहे, पण खर्चाची आणि आरोग्य विम्याची पूर्ण हमी द्यावी लागते. सत्तरीच्या माणसाला इथे विमा मिळवणं हीच मोठी अडचण. शिवाय त्यांना विचारलंय का? माझ्या आईने बावीस दिवसांत ‘इथे माणसं दिसत नाहीत गं’ म्हणून तिकीट अलीकडे घ्यायला लावलं.

२२. पीआर आणि नागरिकत्व किती वर्षांत? भारतीय पासपोर्ट ठेवता येतो?

ब्लू कार्डवर पीआर, म्हणजे कायमचा निवास परवाना, २७ महिन्यांत, बी-१ जर्मन असेल तर २१ महिन्यांत. तेवढे महिने पेन्शन भरलेली हवी. नागरिकत्व २७ जून २०२४ पासून पाच वर्षांत, बी-१ आणि ३३ प्रश्नांची परीक्षा, त्यातले १७ बरोबर यायला हवेत. जर्मनी आता दुसरा पासपोर्ट सोडायला सांगत नाही. भारत सांगतो. जर्मन झालात की भारतीय पासपोर्ट जमा करावा लागतो आणि मग ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड, घ्यायचं, त्यावर मतदान नाही, शेतजमीन खरेदी नाही. मी अजून अर्ज केलेला नाही. कारण विचारू नका, मलाही नीट सांगता येत नाही.

२३. परत भारतात जायचं ठरलं. निघताना काय काय बंद करायचं?

घराची नोटीस तीन महिने आधी, कागदावर, सही करून. वीज, इंटरनेट, विमा, प्रसारण शुल्क वेगवेगळं बंद करावं लागतं. नोंद रद्द करणं, म्हणजे आबमेल्डुंग, निघण्याआधी फार तर आठवडाभर किंवा गेल्यावर दोन आठवड्यांत. त्याचा दाखला मिळतो, तो दाखवल्यावर बाकीचे बरेच करार सुटायला मदत होते. अनामत लगेच मिळत नाही, हिशोब करायला घरमालक काही महिने घेतात, म्हणून बँक खातं शेवटी बंद करा. टपाल दुसऱ्या पत्त्यावर वळवायची सोय पोस्टात पैसे भरून होते, पण एखाद्या मित्राचा पत्ता दिलेला बरा.

आणि पेटीवरची नावाची पट्टी किल्ली देण्याच्या दिवशी काढा, आधी नको. स्टुटगार्ट सोडताना मी ती उत्साहाने आदल्या आठवड्यातच खरवडून काढली होती, आणि अनामतीच्या हिशोबाचं पत्र परत गेलं. मग त्या आजींना फोन केला. त्यांनी माझी जुनी पट्टी, चुकलेल्या अक्षरासकट, पुन्हा छापून स्वतःच्या पेटीवर खाली चिकटवली. पत्र दहा दिवसांनी आलं.